टोपी काढून सलाम

माझे आजोबा गोऱ्यांच्या लढाऊ जहाजावर आगवाले होते, म्हणजे भट्टीत कोळसा मारणारे. पहिलं महायुद्ध संपलं होतं, दुसरं अजून व्हायचं होतं, आणि मधल्या त्या रिकाम्या वर्षांत त्यांचं जहाज इराणच्या आखातात फेऱ्या मारत असे. चोरून बंदुका नेणारी गलबतं पकडायची हे काम. पण असं गलबत वर्षाकाठी एखादं सापडलं तर सापडलं. मग बाकीचे दिवस करायचात काय, असं आम्ही मुलं विचारायचो.

"रंग काढी होतंव, आणि काय!" आजोबा म्हणायचे.

पुढच्या टोकापासून जहाज रंगवत मागे जायचं. मागच्या टोकाला पोचेपर्यंत खाऱ्या वाऱ्याने पुढचा रंग उडालेला असायचा. की पुन्हा पुढून सुरुवात. उरलेल्या वेळात पितळ घासायचं. पितळ चकचकीत नसेल तर गोरा अधिकारी जितका चिडायचा तितका गलबत निसटलं तरी चिडत नसे, असं आजोबा सांगत. ही गोष्ट मला लहानपणी गमतीची वाटायची. कुवेतमध्ये एका लष्करी तळावर नोकरी केल्यावर गंमत गेली आणि नुसतं खरं तेवढं उरलं.

आजोबांची सगळ्यात आवडती गोष्ट नारळाची होती. श्रावणातली पुनव, जहाज आखातात उभं. भट्टीवरचे सगळे आगवाले कोकणातले. आजोबा घामाने निथळत नारळ घेऊन वर डेकवर आले आणि त्यांनी गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा..." आणि मागून सगळ्या आगवाल्यांनी जोराने साद दिली, "होय म्हाराजा!" आवाज ऐकून गोरा कप्तान बाहेर आला. आजोबांनी त्याच्यादेखत नारळ समुद्राला दिला.

"कप्तानान टोपी काढल्यान," आजोबा उठून उभे राहायचे, स्वतःची काळी टोपी काढून काखेत धरायचे, "आणि असो कडक सलाम ठोकल्यान!"

आम्ही टाळ्या वाजवायचो. "मगे?" असं कुणी विचारलं की मात्र आजोबांना शेतात शिरलेल्या शेरडांची आठवण यायची आणि ते काठी घेऊन निघून जायचे. माझे वडील एकदा म्हणाले होते, दुसरं महायुद्ध लागलं तेव्हा गावातल्या झाडून सगळ्या जुन्या खलाशांना बोलावणी आली, आजोबांना आलं नाही. पेन्शनही कधी आली नाही. विचारलं की आजोबा म्हणत, "गोऱ्यांचो कारभार." आम्ही ते मान्य केलं होतं. गोऱ्यांच्या कारभाराबद्दल आम्हा कुणाला जास्त माहिती नव्हतीच.

आजोबांचा धाकटा मुलगा म्हणजे माझे काका. हे सगळं सांगायचं ते त्यांच्याबद्दल आहे.

काका होड्या बांधणारे सुतार. देवगडच्या खाडीत त्यांच्या हातच्या होड्या होत्या, आणि होडी पाण्यात बसली की ती नाक वर न करता, कूस न वळवता, ताटातल्या भातासारखी सपाट बसते असा त्यांचा लौकिक. मग फायबरच्या होड्या आल्या. लाकडाच्या होडीला गिऱ्हाईक उरलं नाही. काका कुवेतला गेले आणि लोकांच्या दिवाणखान्यांची दारं बनवू लागले. त्यातच इराकने कुवेत गिळलं. पळापळीत लोकांनी सोनं सांभाळलं, कुणी टीव्ही उरावर घेऊन वाळवंट पार करायला निघाले. काका जॉर्डनमार्गे घरी आले तेव्हा त्यांच्या पिशवीत एक वाकस होती, लाकूड तासायची, आणि एक लुंगी. कुवेत मोकळं झाल्यावर पहिल्या संधीला ते परत गेले. काही वर्षांनी त्यांच्या खटपटीने मीही गेलो, डिझेल मेकॅनिक म्हणून.

आमची कंपनी समुद्रकाठच्या एका तळाला माणसं पुरवायची. त्या तळावर गस्तीच्या बोटी होत्या. मी त्यांच्या इंजिनांवर, काका बराकींच्या दारं-खिडक्यांवर. राहायला खैतानला एक खोली, तीत आम्ही सहा जण, सगळे कोकणातले, सगळे घरदार गावी ठेवून आलेले. पहाटे कंपनीची बस यायची, सबाह अल-सालेम वस्तीतल्या बंगल्यांसमोरून जायची. तिथल्या नळ्या अंगणातल्या झाडांना पाणी पाजत असायच्या, आणि आमच्या इमारतीचं पाणी आदल्या संध्याकाळपासून गेलेलं असायचं. बसमधला एक प्लंबर रोज तेवढंच बोलायचा, "बघ, झाडं सुद्धा आपल्याआधी आंघोळ करतात." पहिल्या महिन्यात मी हसलो.

एक लढाई होऊन गेली होती आणि दुसरी होणार असं सगळे म्हणत होते. तोवर तळावर काय चालायचं? रंग. भिंतींना पांढरा, दगडांना पांढरा, बोटींना राखाडी, पुन्हा पांढरा. सैनिक सावलीत पत्ते खेळायचे आणि रंग आम्ही द्यायचो. कवायत, शिट्ट्या, झेंडा वर, झेंडा खाली. आणि सलाम. फाटकापाशी दिवसभर सलाम. मी इंजिनाखाली पडून ते बघत असे. एक गोष्ट माझ्या ध्यानात आली ती अशी, की डोक्यावर टोपी असेल तरच हे लोक हात वर करतात. टोपी काढलेली असेल तर नुसते ताठ उभे राहतात. फाटकावरच्या पहारेकऱ्याला मी विचारलंसुद्धा. तो म्हणाला, सगळ्या फौजांत असंच, गोऱ्यांनीच हे शिकवलं. टोपी काढून सलाम कुठल्याच फौजेत करत नाहीत.

हे मी खोलीवर काकांना सांगितलं. मला वाटलं हसतील. काका ताडकन उठून बसले.

"तेव्हाचो रिवाज येगळो होतो. तुका काय कळता? चार दिवस झाले नाय येवन, इलो शाणो!"

दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी पुन्हा विषय काढला नाही.

त्या तळाच्या प्रमुखाला सगळे त्याच्या हुद्द्याने हाक मारत, मुकद्दम. चाळिशीचा, सडपातळ, मुंबईच्या सिनेमांवर पोसलेलं हिंदी बोलणारा. त्याचा आजोबा मोती काढायच्या गलबतावर नाखवा होता. तळावर पूर्वी शोभेला एक जुनी लाकडी बूम ठेवलेली होती. बूम म्हणजे त्यांच्याकडचं दोन्ही टोकांना निमुळतं गलबत. इराकी सैनिकांनी ती जाळली होती, शेकोटीला. मुकद्दमला तशी नवी बूम हाताने बांधून घ्यायची होती. एकदा त्याने काकांना बराकीचं दार तासताना पाहिलं, बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "तुम दरवाजा बनाने वाला आदमी नहीं है."

काकांच्या आयुष्यात त्यांना कुणी म्हटलेलं हे सगळ्यात मोठं वाक्य असावं. त्या रात्री ते जेवले नाहीत. पानावर बसून तेच तेच सांगत राहिले.

तळाच्या मागच्या बाजूला भिंतीआड एक पत्र्याची शेड मिळाली. लाकूड आणायला काका आणि मी अम्गराला जायचो. तिथे एका बाजूला लाकडाच्या वखारी आणि दुसऱ्या बाजूला लढाईतल्या जळक्या गाड्यांचे ढीग. काका प्रत्येक फळीला बोटाने ठोकत, कान लावत, आणि दहातल्या नऊ टाकून देत. वखारवाला पठाण कपाळाला हात लावायचा. दोनेक वर्षं लागली. होडीच्या बुडाचं लाकूड, फासळ्या, फळ्या. फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकायचा. मग माशाचं तेल. त्या तेलाचा वास आमच्या खोलीतल्या गाद्यांना लागला. बाकीचे चौघे आम्हाला बाहेर झोपा म्हणायचे.

मुकद्दम संध्याकाळी शेडमध्ये यायचा. टोपी खुंटीला लावून लाकडाच्या भुशात मांडी घालून बसायचा आणि काकांसाठी स्वतः चहा ओतायचा. काकांना अम्मी म्हणायचा, म्हणजे काकाच. मी ऐकायचो आणि मला खरंच वाटायचं, की चला, एक तरी माणूस आहे इथं. काका मात्र होडीचं कौतुक ऐकायला तयार नसायचे. "होडी पाण्यात बसता कशी, ता पाण्यातच कळता," ते म्हणायचे. "तोपर्यंत सगळा लाकूडच." बूम पाण्यात सपाट बसलेली बघायची आणि मग गावी जायचं, परत यायचं नाही, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. गावात आता कुणी लाकडाची होडी बांधणार नव्हतं. ही त्यांची शेवटची होती, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

आता आमच्या साहेबांबद्दल. कंपनीचा तळावरचा सुपरवायझर मराठी होता, मुंबईचा इंजिनिअर. सहकुटुंब राहायचा, मुलं इंग्रजीत उत्तरं द्यायची. त्याच्या घरी गणपती बसायचा आणि मखर दर वर्षी काका करून द्यायचे, सुट्टीच्या दिवशी, प्रेमाने. पाहुण्यांना तो काकांची ओळख करून द्यायचा, "हे आमचे कोकणातले काका, सोन्याचे हात आहेत." सोन्याचे हात मग स्वयंपाकघराच्या दाराशी बसून मोदक खायचे. मला ते टोचायचं. काकांना नाही. "आपलो माणूस आसा," असं म्हणायचे.

बूम पाण्यात सोडायचा दिवस ठरला. पत्रिका गेल्या, कुणीतरी मोठा अधिकारी येणार होता. काकांनी पंचांग बघितलं. नारळीपौर्णिमा बरोबर त्याच्या दोन दिवस आधी येत होती. याहून चांगला योग नव्हता. नारळ दिल्याशिवाय होडी पाण्यात घालायची ही कल्पनाच काकांच्या डोक्यात शिरत नव्हती. त्यांना ते टाळता येण्यासारखं वाटतच नव्हतं, जसं खिळे न मारता फळी बसवणं. पण ते नियमाचे माणूस. माझ्यासमोर साहेबाकडे गेले.

"सायबानू, पुनवेक नारळ देऊक व्हयो. जेटीवरसून. होडीसाठी."

साहेब कॉम्प्युटरवर काहीतरी बघत होता. हसला. म्हणाला, "अहो काका, द्या की. फक्त मला विचारलंत असं म्हणू नका. गुपचूप करा काय ते."

काकांनी यातलं "द्या की" तेवढं ऐकलं. मी बाहेर आल्यावर म्हटलं, हा परवानगी देत नाहीये, हा आत्ताच हात धुवून ठेवतोय. काका म्हणाले, तुझ्या मनातच पाप.

नारळ खैतानच्या मलबारी दुकानातून आणला. चांगला भरीव, शेंडीसकट. काकांनी त्याला मिठाईच्या डब्यातला सोनेरी कागद गुंडाळला आणि वर लाल दोरा. सोन्याचा नारळ म्हणतात तो हाच. पुनवेच्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास ते माझ्याबरोबर जेटीवर आले. मला तिथे रोज जायचा पास होता, त्यांना त्या दिवसापुरता मिळाला होता, बूम ओढायच्या दोरखंडांची जागा बघायला. इतकी वर्षं त्या तळावर काढून काका पहिल्यांदा पाण्याच्या काठाशी उभे होते. शेडसमोर भिंत होती. समुद्र त्यांनी नुसता ऐकला होता.

मी पाण्याकडे बघत होतो. मला शंका आली. म्हटलं, "काका, पाणी चढतंय की उतरतंय बघून घ्या."

"पुनवेचा पाणी माका बघूक नको," काका म्हणाले. "ह्या टायमाक सुकती लागता."

सुकती म्हणजे ओहोटी. आमच्याकडे तिथीवरून भरती-ओहोटीची वेळ तोंडी काढतात, आणि देवगडला ती पळभरही चुकत नाही. सुकतीच्या पाण्यावर नारळ सोडला की तो खोल समुद्रात जातो, देवाने घेतला असं मानतात. काकांना पाणी बघायची गरज वाटली नाही. पण ते देवगडचं पाणी नव्हतं. त्या आखाताच्या टोकाला भरती तिच्या सवडीने येते, तिला आमचं पंचांग माहीत नाही.

काकांनी चपला काढल्या. इकडेतिकडे बघितलं आणि हलक्या आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा..."

गाऱ्हाण्याला साद द्यायला कुणीतरी लागतं. एकट्याचं गाऱ्हाणं होत नाही. मी म्हटलं, "होय म्हाराजा."

"ही होडी पाण्यात जाता हा, हिका सांभाळ रे म्हाराजा..."

"होय म्हाराजा."

"हिच्यात जे कोण बसतले, ते खंयचेय असांदेत, तेंका सुखरूप आण. लेकरांच्या हातसून काय चुकला-माकला आसात ता पोटात घे रे म्हाराजा..."

"होय म्हाराजा."

नारळ पाण्यात पडला. काका हात जोडून उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, मी बघितलं. मग ते शेडमध्ये परत गेले आणि मी इंजिनाकडे.

भरती लागलेली होती. नारळ बाहेर गेला नाही. तो हळूहळू गस्तीच्या बोटींकडे आला, शेंडी वर करून, अर्धा बुडालेला, सोनेरी कागद उन्हात चमकवत. लढाईत इराक्यांनी आखातात सुरुंग सोडले होते, गोल, वर टोकं असलेले, तरंगणारे. ते सगळे काढले असं म्हणत, पण त्यातला एखादा राहिला असेल ही भीती तळावरच्या प्रत्येकाच्या पोटात होती. पहारेकऱ्याने दुर्बिणीतून बघितलं आणि भोंगा वाजवला.

मी आजवर तसं काही बघितलेलं नाही. माणसं धावत सुटली. बोटींचे दोर कुऱ्हाडीने तोडले. आम्हाला सगळ्यांना जमिनीवर पालथं झोपवलं, तापलेल्या डांबरावर, आणि माझा एक गाल भाजला. त्याच दिवशी तो मोठा अधिकारी तयारी बघायला म्हणून आधीच येऊन बसलेला. त्यालाही हात धरून भिंतीआड नेलं, धावत नेलं, पोट सावरत. दोन गोरे सल्लागार अर्ध्या चड्डीत आले आणि दुरून बघत राहिले. पाणबुड्या उतरला. किती वेळ गेला कोण जाणे. मग पाणबुड्या वर आला, त्याच्या हातात नारळ होता.

एक गोरा पहिल्यांदा हसला. मग दुसरा. मग सगळा तळ हसायला लागला, सैनिक गुडघ्यांवर हात मारून हसत होते. मीही हसलो असतो. पण मी मुकद्दमकडे बघितलं. तो हसत नव्हता, कारण भिंतीआडून बाहेर येणारा मोठा अधिकारी हसत नव्हता.

आम्हा सगळ्यांना रांगेत उभं केलं. मुकद्दमने नारळ हातात धरून विचारलं, कुणी टाकला. काका पुढे झाले. कुणी ढकललं नाही की बोट दाखवलं नाही. स्वतःच झाले, छाती पुढे काढून, कारण त्यांच्या मते त्यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं.

"मैं दिया साब. दरिया को दिया. अपने बोट के वास्ते." आणि मग मोठ्या विश्वासाने, "साहब को पूछके दिया."

सगळे आमच्या साहेबाकडे वळले. त्याला एवढंच सांगायचं होतं की हा आमचा सण आहे, कोकणात सगळे करतात, निरुपद्रवी आहे. त्याचं इंग्रजी आमच्यात सगळ्यात चांगलं होतं. एका वाक्याचं काम होतं.

त्याने कानांवर हात ठेवले. म्हणाला, मला यातलं काही माहीत नाही. ही खेड्यातली अडाणी माणसं आहेत, काय अंधश्रद्धा बाळगतात कुणास ठाऊक, कंपनीचा याच्याशी काही संबंध नाही. इंग्रजीत म्हणाला. काकांना इंग्रजी येत नव्हतं. ते त्याच्याकडे बघून मान हलवत होते, आपला माणूस आपली बाजू मांडतोय म्हणून.

मी ओरडलो. माझ्या मोडक्या हिंदीत, मोडक्या अरबीत, जे तोंडात येईल ते बोललो. हा नारळ आहे, बॉम्ब नाही, हा सण आहे, याच्या घरच्या गणपतीला मखर कोण करतं ते याला विचारा. एका शिपायाने माझी कॉलर धरली. साहेब माझ्याजवळ येऊन मराठीत, शांतपणे म्हणाला, "तुझाही इकामा रद्द करून हवा आहे का?" इकामा म्हणजे तिथे राहायचा परवाना. मराठी किती गोड भाषा आहे, हे मला त्या दिवशी पुरेपूर कळलं.

मुकद्दमला सगळं समजलं होतं असं माझं आजही मत आहे. त्याने नारळ एका शिपायाच्या हातात दिला, काकांकडे न बघता म्हणाला, "रफीक को भेज दो." दोन वर्षं अम्मी म्हणणारा माणूस. रफीक ही तिथे रस्त्यावरच्या कुठल्याही हिंदी मजुराला मारायची हाक.

कंपनीच्या कागदपत्रांचा माणूस त्याच संध्याकाळी आला. काकांनी एकच मागितलं, परवा बूम पाण्यात जाईल तेवढी बघू द्या, फाटकाबाहेरून बघतो, मग कुठं न्यायचं तिथं न्या. कुणाला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांना विमानात बसवलं. वाकस हत्यार म्हणून विमानतळावर काढून घेतली. लढाईत वाळवंट पार करून आलेली वाकस, ती शांततेच्या काळात गेली.

बूम ठरल्या दिवशी पाण्यात गेली. ढोल वाजले, पोरांनी तलवारी घेऊन नाच केला. मी इंजिनापाशी उभा राहून बघितलं. ती ओढल्यावर एकदा डावीकडे झुकली, एकदा उजवीकडे, आणि मग बसली. सपाट. एका बोटाचा फरक नव्हता. मुकद्दमने डोळे मिटून घेतले, मला दिसलं. फोटो काढले तेव्हा त्याच्या शेजारी आमचा साहेब होता, हातात बक्षिसाची ढाल. सुंठीवाचून खोकला गेला होता त्याचा. जाहीर आभार मानताना सुताराचं नाव घ्यायचीही गरज उरली नव्हती. मला त्या दिवशी इतका राग आला, की पाना हातात घेऊन मी बराच वेळ नुसता उभा होतो. काही केलं नाही. घरी बायको होती, मूल व्हायचं होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

संध्याकाळी गावी फोन केला. काकांनी कसा आहेस विचारलं नाही.

"बसली कशी?"

"सपाट," मी म्हटलं.

मग फोन काकूने घेतला.

नारळाचं काय झालं तेही सांगतो. शिपायांनी त्याला राखाडी रंग दिला. वर खिळे ठोकून टोकं केली, सुरुंगासारखी, आणि फाटकावरच्या चौकीत फळीवर ठेवला. येणारा-जाणारा हसायचा. दर वर्षी चौकी रंगवायची वेळ आली की नारळालाही नवा हात मिळायचा. मी रोज त्याच्यासमोर उभा राहून पास दाखवायचो. बूमही पुढे पाण्यातून काढून फाटकापाशी सिमेंटच्या ओट्यावर ठेवली, शोभेला. उन्हाने फळ्या आक्रसल्या, फटी पडल्या. फटींवर रंग दिला. हे मी काकांना कधी कळवलं नाही.

मग दुसरी लढाई आली. तळ गोऱ्या सैनिकांनी भरला. विषारी वायूचे मुखवटे वाटले, ते आमच्यापर्यंत पुरले नाहीत. भोंगे आता खरे वाजायचे. त्या गडबडीत चौकीतला नारळ कुठे गेला कळलं नाही. ती लढाई कुवेतपुरती लवकर आटोपली, आणि मी बऱ्याच वर्षांनी मोठी रजा घेऊन गावी गेलो.

खाडीवर कुणाची तरी नवी होडी पाण्यात सोडायची होती, फायबरची. गाऱ्हाणं घालायला काकांना बोलावलं होतं. ते थकले होते, पण गाऱ्हाणं खणखणीत घातलं, आणि आम्ही सगळ्यांनी साद दिली. होडी सुकतीबरोबर बाहेर जायची होती आणि पाणी अजून उतरायचं होतं, म्हणून माणसं वाळूत बसली. होडीवर काम करणारे तरुण खलाशी काकांभोवती जमले. "काकानू, ती कुवेतची गजाल सांगा," एक म्हणाला. म्हणजे त्यांनी ती आधी ऐकलेली होती. मी ऐकलेली नव्हती.

"फौजेचो तळ," काकांनी सुरुवात केली. "पुनवेचो दिवस. म्या जेटीवर उभ्यान गाऱ्हाणा घातलंय. आवाज आयकान मुकद्दम भायर इलो. मुकद्दम म्हंजे मोठो हापिसर. तेच्यादेखत नारळ पाण्यात सोडलंय. सुकती लागलेली. नारळ सरळ गेलो तो गेलोच."

काका हाताचा आधार घेऊन उठले. डोक्यावरची टोपी काढली, काखेत धरली.

"मुकद्दमान टोपी काढल्यान," ते म्हणाले, "आणि असो कडक सलाम ठोकल्यान!"

ती काखेतली टोपी, तो ताठ हात, तो आवाज, सगळं मी आधी बघितलेलं होतं, काकांच्या नव्हे, आजोबांच्या अंगावर. न आलेली पेन्शन, न आलेलं बोलावणं, शेतात शिरणारी शेरडं, सगळं एकदम समोर आलं. गोऱ्या कप्तानाने त्या दिवशी आजोबांचं काय केलं असेल ते मला आता कुणी सांगायची गरज नव्हती. मला रडू फुटत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता, कुणावर ते कळत नव्हतं. दोन पिढ्या दोन फौजांच्या दारात नारळ घेऊन गेल्या होत्या, आणि घरी येऊन मुलांना सांगायला दोघांनाही सलाम स्वतःच ठोकावा लागला होता.

काका माझ्याकडे बघत होते. थकलेले, टोपी काखेत, हात अजून कपाळाशी.

"इचारा ह्येका," ते खलाशांना म्हणाले. "हो होतो थंय."

सगळी तोंडं माझ्याकडे वळली.

मी म्हटलं, "होय म्हाराजा."

काकांनी टोपी डोक्यावर घातली आणि खाली बसले. खलाशी खूश झाले. त्यातल्या एकाने मलाच विचारलं, "मगे? फुडे काय झाला?"

मी उठलो, कपड्यांची वाळू झटकली. "पाणी उतरायला लागलं," मी म्हटलं. "चला, होडीला हात लावा."